वन्संची मजबूत पर्स

पर्स माझी असती तर मी काही बोलले नसते. तिच्यात हळकुंडं भरून फडताळात टाकली असती आणि विसरून गेले असते. पण ती प्रेमलतावन्संची होती, आणि वन्सं रविवारी आमच्या गावी, गासला, येणार होत्या.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. मुंबईला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करतात आणि बायकांच्या वसतिगृहात राहतात. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून देतात म्हणून असेल, घरी आल्या की फार बोलत नाहीत. त्यांचं हे न बोलणंच मला जड जातं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलेलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, केळीला पाणी सोडायला बी.ए. लागत नाही. वन्संनी एका रविवारी माजघराचं दार लावून घेतलं. आत काय झालं ते मला आजही ठाऊक नाही, पण सोमवारी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने माझी पुस्तकं उन्हात घातली.

पदवीदानाच्या दिवशी वन्संनी आपली पर्स माझ्या हातात ठेवली. काळ्या गाऊनवर कापडी पिशवी शोभायची नाही, म्हणाल्या. तांबूस, मऊ चामड्याची, वर दोन सोनेरी गोळ्यांचा चाप. मिटली की टक् वाजायची. तो आवाज ऐकला की आपण पदवीधर आहोत असं वाटायचं, पदवीचा कागद बघून तेवढं वाटत नसे. तेव्हा हंसा पोटात होती. मग बाळंतपण, मग पावसाळा, मग हंसाची आजारपणं. पर्स राहिली माझ्याकडेच. वन्संनी ती एकदाही मागितली नाही, आणि त्या मागत नाहीत म्हणून माझी धास्ती दर महिन्याला वाढत गेली.

त्यात हंसा रांगायला लागली.

आमच्या घराच्या मागे बावखल आहे. आजेसासऱ्यांनी वाडीच्या पाण्यासाठी खणलेलं तळं, काठावर माड, काठाला कठडा म्हणून काही नाही. हंसा जिथून कुठून रांगायला सुरुवात करते, तिचं तोंड बावखलाकडेच असतं. यांनी मागच्या दारात आडवी फळी ठोकली. ती फळी धरून हंसा उभं राहायला शिकली. सासूबाई म्हणतात, आमची सगळी पोरं याच काठावर वाढली. असतील. मी मात्र आमटीला फोडणी देताना एक डोळा कढईत आणि एक डोळा फळीवर ठेवते. हातात पर्स दिली की हंसा अर्धा-अर्धा तास एका जागी बसे, म्हणून मी देत गेले. तिने पर्सचा चामड्याचा बंद चघळून चघळून त्याची शिवण उसवली आणि एक कोपरा असा केला की तो कोपरा म्हणवेना.

वन्सं येणार असं कळल्यावर मी पर्स घेऊन नालासोपाऱ्याच्या बाजारात गेले. चपला शिवणाऱ्याने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि हे आपलं काम नव्हे, फेबियनकडे जा, म्हणून सांगितलं.

फेबियनचं दुकान स्टेशनाबाहेर, तांगे उभे राहतात तिथे. तो घोड्यांचा साज शिवतो. लढाईच्या वेळी त्याने लष्कराच्या खेचरांसाठी खोगिरं शिवली आणि ती खेचरं थेट ब्रह्मदेशापर्यंत गेली, हे तो पहिल्या भेटीतच सांगतो. परत आली का, ते त्याला कुणी विचारत नाही. त्याने पर्स नाकाशी नेली, वाकवली, चाप उघडून आत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बाय, हिच्यात भार किती घालता?"

इथे चूक झाली ती माझी. मुलाची आई जे उत्तर देईल ते मी दिलं. डॉक्टरकडे जाताना मी तीच पर्स नेत असे. तेव्हा दुधाची बाटली, उकळलेल्या पाण्याची बाटली, दुपटी, लंगोट, ग्राइप वॉटर, थर्मामीटर, कापूर, कात्री, आणि वाटेत तांगा मोडला तर म्हणून साखरेची डबी, असं सगळं मी मोजून सांगितलं. फेबियन एखाद्या डॉक्टरसारखा मान हलवत होता. "समजलं," म्हणाला. पैसे आधी घेतले आणि नवीकोरी करून देतो म्हणाला.

बुधवारी जयराम तांगेवाल्याने पर्स घरपोच आणली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, "घोडा कुठाय?"

पर्स काळी झाली होती. चामडं माझ्या करंगळीएवढं जाड, कडेने मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिवण, दोन बाजूंना पितळी कड्या, आणि बंदाच्या जागी तांग्याला घोडा जुंपतात तसला पट्टा, बकलासकट. वर मधोमध तो बिचारा सोनेरी चाप. तो उघडायला आता गुडघा लावावा लागत होता, आणि मिटताना टक् वाजत नव्हता. खालच्या आवाजात काहीतरी कुरकुरत होता. सगळ्यात वाईट म्हणजे वास. चामडं नरम राहावं म्हणून फेबियन त्याला मुशी माशाचं तेल पाजतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात मासा येत नाही. आता आला, आणि त्याच्यामागून गावातल्या मांजरी आल्या. एक बोका तर संध्याकाळपर्यंत पर्सला गाल घासत बसला होता, आणि सासूबाई त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होत्या.

हंसाला पर्स फार आवडली. तिने कडी तोंडात घातली आणि पट्टा दोन्ही मुठींनी असा घट्ट धरला की सोडवताना मला घाम फुटला.

पैसे परत आणायचे आणि त्या पैशात मुंबईला कुणाकडून तरी ती पुन्हा माणसात आणायची, असं मी ठरवलं. रविवारच्या आत ते जमणार नाही हे दिसत होतं, पण निदान वन्संना सांगता आलं असतं की पर्स दुरुस्तीला दिली आहे. आधी मी यांना पाठवलं. हे शाळेत गणित शिकवतात. माणूस शांत, मुद्देसूद. सायकलवरून गेले, दिवेलागणीला आले. मी विचारलं पैसे दिले का. हे म्हणाले, विषय निघाला होता. मग पायातल्या चपला काढत काढत म्हणाले, फेबियन माणूस वाईट नाही, सायकलच्या सीटवर एक चांगली चामड्याची खोळ घालून देतो म्हणतो, मी हो म्हटलं.

मग सासूबाई निघाल्या. त्यांना कुणी पाठवावं लागत नाही. बोक्याने त्यांच्या देवघराच्या उंबऱ्यावर बसायला सुरुवात केली तेव्हा त्या आपण होऊन निघाल्या. सासूबाईंनी बाजारात आवाज चढवला की भाजीवाल्या आपली तागडी तपासून बघतात. मला वाटलं, पैसे आलेच. त्या परत आल्या त्या समाधानाने. रहाटाच्या बैलाच्या मानेला जुना पट्टा कधीचा टोचत होता, तो नवा करायला टाकला होता. वर फेबियनची बायको सालोमी हिने दिलेली पडवळाची दोन रोपंही आणली होती. पर्सचं काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, "अगो, त्याच्या कामात खोट नाही. तुझ्या पर्सचं काय ते तू बघ."

म्हणून शनिवारी दुपारी मी हंसाला कडेवर घेतलं, पर्स पट्ट्याने खांद्यावर अडकवली आणि जयरामच्या तांग्यात बसले. जयरामचा घोडा त्या दिवशी उगाचच ओळखीचा वाटत होता. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

फेबियनसमोर मी नीट बोलले. रात्रभर मनात घोळवलं होतं. पर्स होती तशी नीट करायला दिली होती. रंग गेला, आकार गेला, वास आला. तेव्हा काम झालेलं नाही, तेव्हा पैसे परत. फेबियनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काम झालं की नाही ते आमच्यात बोलून ठरत नाही. त्याने पर्स उचलली, आढ्याला असलेल्या आकड्यात अडकवली आणि जयरामला हाक मारली.

जयराम दणकट माणूस. त्याने हातांवर थुंकी लावली, पर्सच्या दोन्ही बाजूंच्या कड्या धरल्या आणि पाय उचलले. लोंबकळला. पर्ससकट एक गिरकी घेतली, उलटी घेतली, आणि सावकाश खाली उतरला. बाकीचे तांगेवाले दारात गोळा झाले होते. ते पर्सकडे बघून माझ्याकडे बघायला लागले, जणू आता मी काय बोलणार.

मी म्हटलं, "मला हिला लटकायचं नाहीय."

"आज नाय," जयराम विचार करून म्हणाला. "पन वेळ काय सांगून येते?"

दारातल्या सगळ्यांना ते पटलं. मला राग आला होता आणि हंसा कडेवरून खाली घसरत होती. सालोमीबायने तिला माझ्याकडून घेतलं आणि चामड्याच्या कातरणांत बसवलं. तेवढ्यात पाचची गाडी आल्याची घंटा झाली आणि जयराम भाडं बघायला स्टेशनात गेला.

मी पुन्हा पैसे मागितले. पट्टा कितीही मजबूत असला तरी ती घोड्याची नव्हे, बाईची वस्तू आहे आणि मी हलणार नाही म्हटलं. फेबियनने चष्मा काढून पुसला. मग गल्ल्यातून माझे पैसे काढून समोरच्या पाटावर ठेवले.

"हे घ्या. पण मग माझं काम माझं. तांगेवाल्याने पैसे बुडवले तर मी रस्त्यात घोडा उभा करून माझा पट्टा काढून घेतो. इथंबी तसंच."

मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. त्याचं काम निघालं की खाली वन्संची पर्स उरेल. बंद उसवलेली, कोपरा चघळलेली का होईना, पण वन्संची. मी म्हटलं, काढा.

त्याने आरी घेतली आणि उसवायला लागला. आधी पट्टा सुटला. तो लांबच लांब निघाला. त्याचं एक टोक कातरणांत हंसापर्यंत गेलं. मग कड्या. मग एक बाजू, मग दुसरी बाजू, मग तळ. प्रत्येक तुकडा तो शेजारी नीट रचत होता आणि मी खालून तांबूस काही दिसेल म्हणून वाकून बघत होते. शेवटी त्याने माझ्या हातात जे दिलं ते दोन गोळ्यांचा चाप आणि त्याला लोंबणारं रेशमी अस्तर होतं. अस्तरात हंसाचं एक टोपडं होतं, जे मी महिनाभर शोधत होते.

"बाकीचं?" मी विचारलं.

बाकीचं नुसतं मऊ होतं, त्यात जीव नव्हता, फेबियन म्हणाला. भार घालता तेवढा त्याने पेलला नसता, म्हणून त्याने ते नमुन्यापुरतं वापरून काढून टाकलं. म्हणजे फेकलं नाही. तो चांगलं चामडं फेकत नाही. त्याने दाराकडे हनुवटी केली.

दारात जयरामचा तांगा परत येऊन उभा होता. घोड्याच्या मानेवर जिथे साज टेकतो तिथे एक तांबूस, मऊ गादी शिवलेली होती, आणि तिच्या कडेला तो चघळलेला कोपरा होता. घोडा ओळखीचा का वाटत होता ते मला कळलं. आणि तांग्यातून, हातात ट्रंक घेऊन, प्रेमलतावन्सं उतरत होत्या.

त्यांना शनिवारचीच सुट्टी मिळाली होती. जयराम त्यांना वर्षानुवर्षं घरी सोडतो. त्याने फलाटावरच सगळी हकिगत सांगून म्हटलं होतं की तुमच्या पर्सचा निकाल चाललाय, वाटेत बघूनच जाऊ.

वन्सं आत आल्या. त्यांनी माझ्या हातातला चाप घेतला, उघडला, मिटला. टक्. अस्तरातून आरपार बघितलं. मग बाहेर जाऊन घोड्यासमोर उभ्या राहिल्या. घोड्याने मान हलवली. त्या आत आल्या आणि एकच वाक्य बोलल्या, "त्याला शोभतं."

मग गप्प. मला वाटलं, आता हे गप्प बसणं गासच्या घरात येईल, जेवायला बसेल, दिवाळीपर्यंत राहील. मी म्हटलं, "वन्सं, मी तुम्हाला कळवणार होते."

"मग का नाही कळवलंस?"

"भीती वाटली."

"कशाची? मी काय बोलेन याची?"

"नाही. तुम्ही काहीच बोलणार नाही याची."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. ट्रंक खाली ठेवली, पदर खोचला आणि बोलायला लागल्या. टेलिफोनवर त्या कशा बोलत असतील ते मला तेव्हा कळलं. शब्दन् शब्द स्वच्छ. पर्स हे खेळणं नव्हे. दिलेली वस्तू वर्षभर परत करायची नाही, मुलीला चघळायला द्यायची, मोडली तर लपवायची, वर घोड्याच्या शिंप्याकडे टाकायची. पदवी घेतलीस ती कशासाठी? माझ्या भावाला, विद्याधरला पाठवलंस, आईला पाठवलंस, मला एक ओळ लिहायला हात मोडला होता? तांगेवाले खाली माना घालून उभे होते. मी पण उभी होते, आणि ऐकताना वर्षभराचं ओझं छातीवरून उतरत होतं. असं वाटत होतं की त्यांनी आणखी थोडं बोलावं.

त्या बोलण्याच्या नादात मी हंसावरून डोळा काढला. एक डोळा, तेवढा वेळ.

कातरणांत हंसा नव्हती. सालोमीबाय दारात वन्संचं ऐकत होती. मी वळले तेव्हा हंसा उंबरा उतरून घोड्याच्या चार पायांमधून पलीकडे, दगडी कुंडीकडे चालली होती, जिथे घोड्यांना पाणी पाजतात. तोच ती थांबली. मग मागे यायला लागली, पाठमोरी, पोटावर, पायांकडून, खूप चिडलेली. तिने मुठीत पट्ट्याचं टोक धरलेलं होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती. दुसरं टोक फेबियनच्या हातात होतं. तो उठलासुद्धा नव्हता. तिथेच बसून हात-हात पट्टा ओढत तिला आत घेत होता. घोडा पाय न हलवता हे सगळं बघत होता.

मी तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती त्यावरही चिडली. पट्टा तिने तरीही सोडला नाही.

तेवढ्यात वन्सं त्या रचून ठेवलेल्या तुकड्यांपाशी वाकल्या होत्या. एक तुकडा त्यांनी ताणून बघितला. वसतिगृहात आणि ऑफिसात त्यांच्या पिशवीचा बंद दरवर्षी तुटतो, असं त्या फेबियनला सांगत होत्या, आणि हेच परत शिवलं, तेल न लावता, तर किती दिवस लागतील ते विचारत होत्या. फेबियनने चष्मा चढवला. "बाय, भार किती घालता?" वन्सं सांगायला लागल्या: डबा, विणकाम, पावसातले बूट.

म्हणजे आता सगळ्या घराने फेबियनला काम दिलं होतं, एक मी सोडून. माझे पैसे पाटावर तसेच पडलेले होते. ते उचलून तांग्यात बसायचं, एवढंच राहिलं होतं. मी ते उचललेही. मग हंसाच्या मुठीतल्या पट्ट्याकडे पाहिलं, दुहेरी शिवणीकडे पाहिलं, आणि पैसे परत पाटावर ठेवले.

मी म्हटलं, हिच्या छातीवरून एक पट्टा, दोन खांद्यांवरून दोन, बकल पाठीवर जिथे हिचा हात पोचणार नाही, आणि पुढे लांब दोरीसारखं, मागच्या दारापासून निघेल आणि बावखलाच्या बराच अलीकडे संपेल असं. काखेत टोचायला नको. मऊ गादी घाला, पण घोड्याच्या गळ्यातली नको. तेल लावायचंच असेल तर खोबऱ्याचं.

फेबियनने हंसाला वरून खाली, खेचराला बघावं तसं बघितलं. "भार फार नाय," म्हणाला.

"भार नाही," मी म्हटलं, "पण ओढते."

त्याने मान हलवली. वन्संच्या हातात चाप टक् करून मिटला. आम्ही तांग्यात बसलो आणि जयरामने लगाम उचलला, तेव्हा मला एक राहिलेलं आठवलं. मी त्याला थांबवलं, खाली उतरले आणि दारातूनच फेबियनला सांगितलं की पट्टा तयार झाला की घरी पाठवू नका, मी स्वतः येईन. आधी आकड्याला अडकवायचा, आणि जयरामला माझ्यासमोर लटकवायचं. दोन्ही पाय वर.